बारावी कुंडी

३ ऑक्टोबर, शनिवार

पोचले एकदाची! सहा तासांच्या बसने हाडं खिळखिळी केली, पण उतरल्या उतरल्या समोर मावशी दिसली आणि शीण पळाला. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बाह्या कोपरापर्यंत वर आणि हातात खुरपं. पाहुण्याला आणायला खुरपं घेऊन कोण येतं? मावशी येते. तिने आधी माझे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, अगदी तुझ्या आईचे हात आहेत म्हणाली आणि मग कुठे मिठी मारली.

दोन वर्षं मी घरी बसून होते. प्रबंध अर्धवट, नोकरीचा पत्ता नाही, आणि भेटेल त्या माणसाचा एकच प्रश्न, की सध्या काय करतेस. मावशी या संशोधन केंद्राची प्रमुख. मदतनीस हवी आहे आणि बाहेरच्या कुणापेक्षा घरची पोरगी बरी, असं तिनेच आईला फोनवर सांगितलं. वशिल्याचं तट्टू तर वशिल्याचं तट्टू. काम करून दाखवीन आणि तोंडं बंद करीन सगळ्यांची.

केंद्र म्हणजे एक लांबलचक काचघर, माती चाळायची शेड, कंदांचं कोठार आणि मागे राहायच्या चार खोल्या. दारातच लाकडी फडताळ आहे, चपला तिथे काढायच्या. बाहेरची माती आत यायला नको म्हणून आत सगळे अनवाणी. माझी खोली चिमीबरोबर. चिमी म्हणजे मावशीची लेक, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी. लहानपणी आम्ही एकमेकींच्या झिंज्या उपटायचो, आज तिने माझ्या पलंगावर स्वतःची चांगली चादर घातली होती.

ही वहीसुद्धा मावशीनेच दिली. जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे छापलेली. काम, खाणं, झोप, अंगाचं दुखणंखुपणं, रोजच्या रोज लिही म्हणाली. संशोधकाला स्वतःची नोंद ठेवता आली पाहिजे. मला तर लिहायला निमित्तच हवं असतं.

५ ऑक्टोबर, सोमवार

आज काम समजून घेतलं. शत्रू आहे सूत्रकृमी. केसाहून बारीक, नुसत्या डोळ्याला न दिसणारा. तो मातीतून बटाट्याच्या मुळात शिरतो, तिथेच संसार थाटतो, आणि मुळावर गाठी येतात. वरून झाड बरं दिसतं, आत सगळं पोखरलेलं. औषधांनी जमीन मरते, हा मरत नाही.

पण शेतातल्या बटाट्याचे रानात राहिलेले भाऊबंद आहेत. गोटीएवढे कंद, चवीला कडूजहर, आणि मुळं मात्र आरशासारखी स्वच्छ. कृमी त्यांच्या वाटेला जात नाहीत. ही ताकद कुठल्या रानवाणात किती आहे ते शोधायचं आणि शेतातल्या बटाट्यात आणायची. मावशीने सारा जन्म यात घातला आहे. बोलताना तिचे डोळे असे चमकत होते की मला माझाच प्रबंध आठवून लाज वाटली.

एका गोष्टीची गंमत वाटली. प्रत्येक ट्रेमध्ये बारा कुंड्या. अकरा कुंड्यांत रानबटाटे आणि बारावीत मुद्दाम अगदी कमजोर जातीचा साधा बटाटा. मला वाटलं चुकून आला. माळीकाका हसले. (माळीकाका इथे तीस वर्षं आहेत, बोलायला लागले की थांबत नाहीत.) ते म्हणाले, बाई, रानबटाट्याची मुळं स्वच्छ निघाली तर तो दणकट, की मातीत किडाच नव्हता, हे कसं सांगशील? बारावीला गाठी आल्या तरच बाकीच्या अकरांच्या स्वच्छ मुळांना अर्थ. म्हणून बारावीला तीच माती, तेच पाणी, पण लाड नाहीत आणि औषध नाही. नवी माणसं तिच्यावर दया करतात आणि सगळा प्रयोग पाण्यात घालवतात, असंही म्हणाले.

६ ऑक्टोबर, मंगळवार

लावणीचा पहिला दिवस. साठाव्या दिवशी उपटणी. माती तयार करायची इथली रीत अजब आहे. विटांच्या हौदात कृमींची माती ओलवून ती पायांनी तुडवायची. यंत्राने कालवली तर कृमी मरतात म्हणे, पायाची ऊब त्यांना मानवते. हे काम चिमीचं आणि माझं. एकमेकींचे खांदे धरून रोज वीस मिनिटं, ना एक कमी ना एक जास्त. मावशी काठावर घड्याळ घेऊन उभी. चिमी एवढी नाचत होती की मी दोनदा आपटता आपटता वाचले.

मी विचारलं, हे किडे माणसाला काही करत नाहीत ना? मावशी म्हणाली, तुझ्यात त्यांना काय गोड लागणार आहे. सगळेच हसले. मीही हसले.

जेवायला मावशी आणि चिमी उकडलेले रानबटाटे खातात, मोजून आठ आठ. मी हात पुढे केला तर मावशीने ताटली अलगद बाजूला घेतली. तुला हे कडू झेपायचं नाही म्हणाली. माझ्यासाठी साधे, लोण्यात परतलेले. माझी चंगळ आहे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

दिवस कसे जातात कळत नाही. ट्रे भरते, चिठ्ठ्या लावते, उगवण मोजते. माझं अक्षर पाहून मावशी खूश. अहवालात माझं नाव येणार असं तिने स्वतःहून सांगितलं. आईला फोन केला तर ती जेवणाचंच विचारत बसली, काय खातेस, किती खातेस. आयांना दुसरं सुचतच नाही.

एकच खटकतं. माळीकाका माझ्याशी बोलेनासे झाले आहेत. लावणी झाल्या दिवसापासून. चहा करतात तो तीन कपच. चौथा विचारला की किटली माझ्यापुढे सरकवतात आणि निघून जातात. माझं काही चुकलं का, हे चिमीला विचारलं. ती म्हणाली, म्हातारा लहरी आहे, मनावर घेऊ नकोस. मी घेतलंच मनावर. माझा स्वभावच तसा आहे.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

डाव्या टाचेला खाज. हात फिरवला तर कातडीखाली मोहरीएवढा कण लागला, टणक. शेजारी दुसरा. मावशीला दाखवलं. तिने भिंग आणलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि इतका वेळ पाहत राहिली की मला अवघडल्यासारखं झालं. कुरूप असेल म्हणाली, अनवाणी चालायची सवय नाही तुला. मग माझ्या गालावरून हात फिरवला. मावशी कधी असं करत नाही. तिला आनंद झाला होता. कशाचा, ते कळलं नाही.

चिमीचे तळवे पाहिले. लोण्यासारखे.

३ नोव्हेंबर, मंगळवार

सात झाले. सहा डाव्या पायाला, एक उजव्या. दाबलं तर दुखत नाहीत. उलट हौदात उभी राहिले की बरं वाटतं, बाहेर आले की तळवे कोरडे पडतात आणि ओढल्यासारखे होतात. चिमीला म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. ती म्हणाली, दाखवू ना, एवढी उपटणी होऊ दे.

४ नोव्हेंबर, बुधवार

वही उघडली. कालच्या पानावर, माझ्या ओळीखाली, लाल पेन्सिलीने मावशीचं अक्षर.

"७ नव्हे, ९. डाव्या टाचेमागे दोन. पुन्हा मोजणे."

मी टाचेमागे हात लावला. दोन होते.

वही घेऊन तशीच कचेरीत गेले आणि वाट्टेल ते बोलले. माझी रोजनिशी वाचायची हिंमत कशी झाली, वगैरे. मावशी शांत. म्हणाली, पानांवर आकडे कशाला छापलेत वाटलं तुला? वही केंद्राची आहे, बाळा.

मी रात्रीपर्यंत कुणाशी बोलले नाही. कुणी बोलायलाही आलं नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी मावशी काचघरात असताना तिची नोंदवही काढली. ट्रेच्या नोंदी संपल्यावर एक वेगळं पान आहे. त्यावर दोनच ओळी.

"मुलगी. रानबटाटा, रोज आठ. तुडवणी वीस मिनिटं. गाठी शून्य."

"भाची. साधा बटाटा. तुडवणी वीस मिनिटं. गाठी—" आणि पुढे रोजचे आकडे. शून्य, शून्य, दोन, पाच, नऊ, अकरा.

अकरा आजचा होता. सकाळी मी मोजलेसुद्धा नव्हते.

मावशी दारात येऊन उभी राहिली. आरडाओरडा नाही, काही नाही. माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि एखाद्या विद्यार्थिनीला सांगावं तसं सांगितलं. केंद्राच्या खालच्या वस्तीत कित्येक वर्षं माणसांच्या पायांना गाठी येत आहेत. कृमींनी मुळं सोडून माणूस धरला आहे. रानबटाटा खाणाऱ्याला ते शिवत नाहीत असं तिला वाटतं, पण वाटून भागत नाही. चिमीचे पाय स्वच्छ राहिले म्हणजे कंदाने राखले, की कृमीच मेलेले होते? ते कळायला शेजारी कुणीतरी कमजोर हवं. आणि ते रक्ताचंच हवं, नाहीतर फरक कंदाचा की रक्ताचा, हा वाद राहतो.

मी बारावी कुंडी आहे. मला लाड नाहीत, औषध नाही.

साठ दिवस झाले की तुलाही कंद देईन म्हणाली. बाहेरच्या डॉक्टरला यातलं ओ की ठो कळायचं नाही, जिथे दुखणं तिथेच औषध. म्हणजे मला राहणं भाग आहे. हे तिने इतक्या मायेने सांगितलं की मी मान हलवली. आता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

८ नोव्हेंबर, रविवार

चिमीच्या पाया पडले. अक्षरशः. ती रडली. माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली मला रोज झोप लागत नाही गं. आपल्या वाटणीचे चार मला आणून देणार, आईला कळू न देता. आज पहिले चार खाल्ले. नाक दाबून. असं कडू की डोळ्यांतून पाणी आलं. अमृत लागलं.

हे इथे लिहायला नको. पण ही वही मी आता गादीत शिवून ठेवते. आणि लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

गाठी एकोणीसच्या वर गेलेल्या नाहीत! दोन दिवस एकोणीस! चिमी, तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

एकतीस. घोट्याच्या वर चढल्या.

१८ नोव्हेंबर, बुधवार

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. चिमीची पाठ माझ्याकडे. ओट्यावर साधे बटाटे, बारीक बारीक निवडून काढलेले. ती ते एका हिरव्या पाण्यात उकळत होती. कुठल्याशा पाल्याचा कडू काढा. उकळून झाल्यावर तिने त्यातले चार मोजून वाटीत काढले. माझी वाटी.

म्हणजे दहा दिवस मी साधा बटाटा नाक दाबून खाल्ला. कृतज्ञतेने.

मावशीचं एक वेळ समजू शकते, तिला कामापुढे माणूस दिसत नाही. पण चिमी माझ्या गळ्यात पडून रडली होती. ते अश्रू कसले होते? ती वळली, मला पाहिलं आणि म्हणाली, तुला आशा असली की तू खातेस नीट.

उद्या जाते. दुपारच्या बसने. मेले तरी घरी मरेन.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी माझी बॅग भरून दारात ठेवलेली. घड्या मावशीच्या हातच्या. गादीची शिवण उसवून पुन्हा शिवली होती, टाके माझ्याहून सुबक.

कुणी अडवलं नाही. मावशी थांब्यापर्यंत सोबत आली, डबा घेऊन. डांबरी रस्ता लागला आणि चपलेत तळवे तडकू लागले. काचा तुडवल्यासारखं. थांब्यापाशी मी पडले. रस्त्याकडेला चर खणलेला होता, त्यात ओली माती. मी चपला भिरकावून पाय त्यात खुपसले आणि — थांबलं. सगळं थांबलं. इतकं बरं वाटलं की मी हुंदके देऊन रडले.

बस आली, गेली. मावशी शेजारी दगडावर बसून होती. मग म्हणाली, चल, हौद ओलवून ठेवलाय.

मी उठले आणि तिच्याआधी चालू लागले. माझी मी.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आईला फोन. लागला! सगळं सांगितलं, दम न घेता. मला वाटलं खोटं म्हणेल. म्हणाली नाही. सध्या काय खातेस, एवढं विचारलं. मग म्हणाली, येते मी. शनिवारी येते.

पाच दिवस. गाठी मोजायच्या सोडल्या आहेत. त्या मोजतात. आई आली की बघते एकेकीला.

२८ नोव्हेंबर, शनिवार

आई आली. मला पोटाशी धरलं. तिच्या अंगाचा वास — मी लहान मुलीसारखी ओक्साबोक्शी रडले.

दुपारी चौघी जेवायला बसलो. मावशीने ताट फिरवलं. आईने उचलले. कुठले कंद, कसले, काही विचारलं नाही. एक खाल्ला, दुसरा. तोंड वाकडं नाही. पाणी नाही. आठ. मोजून आठ.

मग तिने लोण्यात परतलेले माझ्याकडे सरकवले.

२९ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. आईने सांगितलं, माझे केस विंचरत.

आम्ही दोघी तान्ह्या होतो तेव्हाच ठरलं. दोन्ही बहिणींनी मिळून. चिमीला पहिला घास कंदाचा. मला साध्या बटाट्याचा. मी स्वतः भरवला, म्हणाली. खालच्या वस्तीतली लेकरं, म्हणाली. कुणाची तरी लेक लागणारच होती.

मी म्हटलं, मग मला विचारलं का नाही? वस्तीतली पोरं मलाही दिसतात. विचारलं असतंस तर कदाचित मी हो म्हटलं असतं गं. खरंच म्हटलं असतं.

सांगून केलं की अंग वेगळं वागतं, म्हणाली. मावशी म्हणते तसं.

सव्वीस वर्षं. प्रत्येक फोनला — काय खातेस, किती खातेस. प्रत्येक फोनला.

१ डिसेंबर, मंगळवार

पाय हौदातून निघत नाहीत. खुर्ची इथेच आणून दिली. तळव्यांतून काहीतरी खाली उतरलंय, बारीक, पुष्कळ. मी बोटं हलवली की हौदाच्या दुसऱ्या टोकाची माती हलते.

दुखत नाही. हेच भयंकर — दुखत नाही.

३ डिसेंबर, गुरुवार

भूक नाही. तहान पायांना लागते. माळीकाका पाणी घालून गेले. मोजून. हाक मारली, थांबले नाहीत.

चिमी काठावर येऊन बसली. माफ कर म्हणाली. मी थुंकले. ती पुसत होती तेव्हा तिचे तळवे दिसले — गुलाबी, स्वच्छ. माझ्यामुळे त्यांना अर्थ आहे.

४ डिसेंबर, शुक्रवार

साठावा. सकाळपासून काचघरात उपटणी. काचेतून दिसते. ओढून काढत नाहीत, मुळं तुटतात. आधी पाणी सोडून माती सैल करतात. मग वरचं झाड बुडाशी कापून टाकतात. वरचं कामाचं नसतं. खालचं तेवढं धुऊन, भिंगाखाली —

अकरा कुंड्या झाल्या. अकरा स्वच्छ. मावशी रडतेय. आनंदाने. मिठ्या मारतात.

इकडे येतात. तिघी. आणि काका.

चिमीने पाणी सोडलं. गार. माती सुटतेय, मला आत कुठे कुठे सुटल्यासारखं —

मावशी म्हणाली, वही घे तिच्याकडून. आई म्हणाली, असू दे, हात गुंतलेला बरा.

आई मागे उभी आहे. केस वर बांधले माझे. मान मोकळी केली. बोटं गरम. मी विचारलं, आई, दुखेल का? तिने मावशीला विचारलं, बोलू का तिच्याशी? मावशीने मान हलवली. नाही.

आई गं, एकदा तरी म्हण की तू —